साडी कापायची नाही, घडी घालायची

पत्र :

ताई, मी भांडुपला राहते. वय ५३. दोन वर्षांपूर्वी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून मॉडर्न क्विल्ट शिवायला लागले. रोटरी कटर, कापायची मॅट, अॅक्रिलिकची रुंद पट्टी, परदेशी कापडांचा एक गठ्ठा, असं करत आठ-नऊ हजार गेले. चार टॉप, म्हणजे क्विल्टचे वरचे तुकड्यांचे थर, जोडून तयार आहेत, पण पुरी झालेली क्विल्ट एकही नाही. टॉप जोडून झाला की उत्साहच जातो. एकात तर चौकोनांचे कोपरेही जुळत नाहीत. नवरा चिडवतो, "तुझ्या आईच्या गोधड्या फुकटात व्हायच्या, आणि त्या निदान अंगावर घेता यायच्या."

आई गेल्या वर्षी गेली. तिच्या ११ सुती साड्या माझ्या कपाटात आहेत. त्यांची क्विल्ट करावी असं फार वाटतं, पण कात्री घेतली की हात थांबतो. मोठ्या बहिणीला विचारलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, आईच्या साडीला कात्री लागलेली मला बघवणार नाही. लहानपणी आम्ही दोघी आजीच्या लुगड्यांच्या वाकळेतच झोपायचो. आता वाटतं, छंदच चुकीचा निवडला का? की माझ्यातच चिकाटी नाही?

— भांडुपची एक वाचक

उत्तर :

चिकाटीचं आधी मिटवून टाकू. चार टॉप जोडले म्हणजे काही शे चौकोन कापले, शिवले, इस्त्री करून बसवले. हे काम बिनचिकाटीच्या माणसाकडून होत नाही. आणि अर्धवट टॉप साठवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. जगभरच्या क्विल्टवाल्या बायकांनी अशा कामांना गमतीनं 'यूएफओ' असं नाव ठेवलंय, अर्धवट वस्तूच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. माझ्या पलंगाखाली आत्ता तीन आहेत. एक तर इतका जुना की तो ज्या बाळासाठी घेतला होता ते बाळ यंदा दहावीला आहे.

पण तुम्ही नेमक्या कुठे थांबता, ते बघा. टॉप जोडून झाल्यावर. तिथपर्यंत व्हिडिओतली बाई सांगत असते : इतक्या इंचांचे चौकोन, ही ओळ त्या ओळीला जोडा. मग ती शेवटच्या दोन मिनिटांत म्हणते, "आता तुमच्या आवडीप्रमाणे क्विल्टिंग करा", आणि निघून जाते. खरी पंचाईत इथून सुरू होते. आत काय घालायचं? अस्तर कुठलं? टाके कुठून कुठे जाणार? बँकेत तुम्ही इतकी वर्षं कागदपत्र पूर्ण असल्याशिवाय पुढे सरकला नसाल. इथे कागदपत्र तुम्हालाच तयार करायचंय, म्हणून फाईल पडून आहे. आळसाचा यात काही संबंध नाही.

तेव्हा आज तुमच्यासाठी हे सगळे निर्णय मीच घेऊन टाकते. एका क्विल्टपुरते. पुढच्या तुमच्या तुम्ही घ्या.

त्याआधी साड्यांबद्दल. तुमच्या पत्रातलं वाकळेचं वाक्य तुम्ही बहुतेक सहज लिहून गेलात, मी मात्र ते तीनदा वाचलं. आजीच्या लुगड्यांची वाकळ कुणी शिवली होती? तुमच्या आईनंच ना? आपल्याकडे सुती साडीचा शेवट ठरलेलाच असायचा : नेसून विरली की घरात नेसायला, मग बाळाचं दुपटं, मग वाकळ, आणि अगदी शेवटी पायपुसणं. त्या क्रमात वाकळ म्हणजे मानाची जागा. तुमच्या ताईंना हे ठाऊक नाही असं नाही. त्यांना साडीचं काही वाटत नाहीये, त्यांना कात्रीची भीती वाटतेय. आणि ती मला बरोबर वाटते. कापलेली साडी पुन्हा साडी होत नाही.

तर कापू नका.

आपल्या गोधडीत साडी कापायची गरज बहुतेक वेळा पडतच नाही. लुगड्याची घडी घालायची, थरावर थर येतात, वरून धावदोरा. तुकडे जोडायचे ते वरच्या पदराला, आणि तेही जमले तर. मॉडर्न क्विल्टचा टॉप आणि आईच्या पद्धतीची गोधडी, दोन्ही एकाच वस्तूत बसतात. हिशोब करून दाखवते.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. पन्हा ४५ इंचांच्या आसपास. तिची तिहेरी घडी घातली तर ७२ इंच लांब, ४५ इंच रुंद असे तीन थर मिळतात. एका माणसाच्या पांघरुणाला हे माप पुरतं, आणि मुंबईत तीन थर सूत पुष्कळ झालं. पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे क्विल्टच्या आत घालायचा मऊ थर, थंड देशांसाठी ठीक. आपल्याकडे एप्रिलमध्ये ते अंगावर घेऊन बघा, पंखा पाचवर असला तरी घाम फुटतो. माझी पहिली क्विल्ट तशी होती. ती कुत्र्यानंसुद्धा नाकारली.

आता तुमच्या चार टॉपमधला एक निवडा. फार आवडता नको, त्यावर हात थरथरेल. नावडताही नको. दोन नंबरचा घ्या. समजा तो ४० बाय ६८ इंचांचा आहे. साडीची घडी ६८ इंचांची घाला. उरलेला फूटभर भाग वरच्या दोन थरांमध्ये आत दुमडून द्या, तिथे थोडी जास्त ऊब येईल, पायांकडे ठेवा. आखूड बाजूंना तुमच्याकडे साडीच्या घड्याच आहेत. टॉपची कड पाव इंच आत दुमडून त्या घडीवर टाचायची. लांब बाजूंना दोन्हीकडे साडी टॉपच्या अडीच इंच बाहेर राहील. वरच्या दोन थरांचे काठ आत वळवा. सगळ्यात खालच्या थराचा काठ मात्र उचलून टॉपच्या कडेवर आणा आणि बारीक हेम घाला. आईच्या साडीचा काठ तुमच्या क्विल्टची चौकट झाला. बाहेरची क्विल्टवाली ज्याला बाइंडिंग म्हणते आणि ज्यासाठी वेगळ्या पट्ट्या कापून दोन दिवस घालवते, ते काम साडीनं फुकट केलं. टॉप वेगळ्या मापाचा असेल तर घडी बदला. बाहेर येणारा काठ दोन-तीन इंच राहिला म्हणजे झालं.

यात साडीवर एकही कात्री चाललेली नाही. दहा वर्षांनी ताईंना वाटलं की मला ती साडी हवी, तर टाके उसवा, धुवा, साडी पुन्हा साडी. सुईची भोकं धुण्यात बरीच भरून येतात. हे त्यांना फोनवर सांगू नका. घरी बोलवा आणि साडीची घडी घालून दाखवा.

आणि एक. त्या ११ साड्या तुमच्या कपाटात असल्या तरी तुमच्या एकटीच्या नाहीत. शिवण्याआधी ताईंना त्यांच्या हव्या तेवढ्या निवडू द्या. आधी त्यांनी, मग तुम्ही. त्यांनी नेमकी तुमच्या मनातलीच साडी उचलली तरी तोंडातून शब्द काढायचा नाही.

साडी निवडताना ती उजेडासमोर धरा. सुती साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीच्या रेषेवर विरते. माझ्या सासूबाईंच्या एका पातळाचा मी असाच घात केलाय : वरून धडधाकट दिसलं, गोधडीत घातलं, दुसऱ्या धुण्याला घडीच्या चारी रेषांवर पट्टी मारल्यासारखं फाटलं. घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठे ठेवून हलकं ताणून बघा. टर्र असा बारीकसा आवाज आला तर ती साडी आत मधल्या थराला द्या, किंवा तशीच ठेवून द्या. लाल, निळ्या, काळ्या रंगांची परीक्षा वेगळी : ओला पांढरा रुमाल काठावर दाबून मिनिटभर धरायचा. रुमालाला रंग लागला तर साडी मीठ-पाण्यातून काढा वगैरे सल्ले लोक देतील. मी म्हणते ती तुमच्या पांढऱ्या टॉपखाली घालूच नका.

आता टाचणं. टॉप आणि साडी जमिनीवर पसरायला जागा लागते, आणि भांडुपच्या घरात ती दुपारी दोन ते चारच असते हे मी गृहीत धरते. साडीचा पहिला थर पसरून कोपरे चिकटपट्टीनं फरशीला चिकटवा. ताणून नाही, फक्त सुरकुती जाईपर्यंत. मग बाकीचे थर, मग टॉप. मधूनच सुरुवात करून कडेकडे कच्चा धावदोरा घालत जा, वीतभर अंतराच्या ओळी. गुडघे दुखतील. आमच्या आया हे काम दोघीतिघींनी का करायच्या ते तेव्हा कळतं. ताईंना त्याच दिवशी बोलवायला माझी हरकत नाही.

आणि मग तो मुख्य प्रश्न, जिथे तुमची फाईल अडते : टाके कुठून कुठे?

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका जुन्या कपड्यांच्या कौदी शिवतात. त्यांची रीत अशी की कडेनं सुरुवात करायची आणि गोल फिरत फिरत मध्यापर्यंत जायचं. कोपऱ्यांवर कापडाची छोटी दुमडलेली त्रिकोणी फुलं लावतात, त्यांशिवाय कौदी उघडीबोडकी मानतात. आराखडा नाही, खडूच्या रेघा नाहीत. आधीची टाक्यांची ओळ हीच पुढच्या ओळीची रेघ. तुम्ही हेच करा. काठाच्या आतून सुरू करा, दोन ओळींत दोन इंच अंतर ठेवा. अंतर मोजायला पट्टी नको, आपल्या बोटांची रुंदी एकदा मोजून ठेवा आणि ती लावत जा. ४० बाय ६८ ला हे साधारण ३५ मीटर धावदोरा होतो. रोज मीटरभर घातला तर पस्तीस दिवस. टीव्हीवरच्या एका मालिकेच्या वेळात मीटर होतो, जाहिराती धरून. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घाला. चार दिवस अडगळ वाटेल, पाचव्या दिवशी त्याशिवाय सुई ढकलवणार नाही.

टाके वेडेवाकडे येतील. येऊ द्यात. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतला फरक हीच त्या क्विल्टची तारीख.

कोपरे न जुळणारा टॉप बिघडलेला नाही, त्याचं फक्त गणित चुकलंय. आपल्या शिंपी लोकांचा शब्द वापरायचा तर 'माया' जास्त गेली. माया म्हणजे शिवणीच्या पलीकडे सोडलेलं कापड. क्विल्टच्या जोडकामात ती पाव इंच धरतात. ती प्रत्येक कापडात फक्त अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली, तर दोन्ही कापडांचं मिळून शिवणीमागे एक सूत. आठ चौकोनांच्या ओळीत शिवणी सात, म्हणजे सात सूत. पूर्ण इंचाला एक सूत कमी! शेजारची ओळ तुम्ही दुसऱ्या दिवशी, ताज्या डोळ्यांनी, बरोबर शिवली असणार. मग कोपरे कसे जुळतील? उपाय सोपा आहे. मशीनच्या पट्टीवर सुईपासून बरोबर पाव इंचावर जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचे दोन-तीन थर एकावर एक चिकटवा. छोटीशी भिंत तयार होते, कापड तिला घासत गेलं की माया हलत नाही. आणि इस्त्री 'फिरवू' नका, ठेवा आणि उचला. फिरवलेल्या इस्त्रीनं चौकोन ताणून समांतरभुज होतात, मग दोष मशीनला जातो.

तुमच्या यजमानांच्या टोमण्याला उत्तर द्यायचं असेल तर माझ्याकडे आहे, पण आधी अर्धा टोमणा मान्य करा. परदेशी कापडाचा गठ्ठा नको होता. मलाही मंगलदास मार्केटच्या गल्ल्यांतून रिकाम्या हातानं बाहेर पडता येत नाही, म्हणून उपदेश करायचा मला अधिकार नाही, तरी सांगते : एक क्विल्ट धुऊन, वाळवून, अंगावर घेतल्याशिवाय नवं कापड आणायचं नाही. कटपीसही नाही. "हिंदमाताला सहज गेले होते" तर अजिबातच नाही. कटर आणि मॅट घेतलीत ते मात्र वाया नाही. मॅट खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, ती वाकते आणि मग सरळ होत नाही. कटरचं पातं दर वेळी, दर वेळी, बंद करायचं.

उरलेला अर्धा टोमणा, 'फुकट' हा शब्द, तो मान्य करू नका. आईच्या गोधडीला पैसे लागत नव्हते, दुपारी लागत होत्या. त्या कुणी मोजल्या नाहीत इतकंच.

हा छंद चुकीचा का, असं विचारलंत. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या शेतात घालून विरलेल्या डेनिम पँटी, शर्ट, जे असेल ते फाडून गोधड्या शिवत आल्या. घरात थंडी शिरते म्हणून. ना पट्टी, ना आराखडा. पट्टे तिरके, चौकोन एकात एक सरकलेले, गुडघ्यावरचं न विटलेलं गडद ठिगळ बरोबर मधोमध. २००२ साली त्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतींवर लागलं, आणि २००६ साली अमेरिकन टपाल खात्यानं त्यांच्यावर १० तिकिटं काढली. आज ज्याला मॉडर्न क्विल्ट म्हणतात, ठळक सपाट रंग, मोकळी सोडलेली मोठी जागा, मुद्दाम मोडलेली चौकट, त्यातलं बरंच या बायकांनी आधीच करून ठेवलं होतं. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला 'मॉडर्न क्विल्ट गिल्ड' नावाची संघटना निघाली, तेव्हापासून हे नाव पक्कं रुजलं. नाव नवं, रीत तुमच्या वाकळेची लांबची मावसबहीण.

म्हणून व्हिडिओतला नमुना जसाच्या तसा करण्यात मला फारशी गंमत वाटत नाही. एकदा शिकायला ठीक. पण तुम्ही भांडुपला राहता. जूनमध्ये टेकडीवरच्या घरांवर निळ्या ताडपत्र्या पडतात, त्यांच्यामध्ये गंजलेल्या पत्र्याचा एखादा तांबूस तुकडा, कुठे कुणी वाळत घातलेली पिवळी ओढणी, आणि वर सगळं आभाळ राखाडी. याहून मॉडर्न क्विल्ट कोण आखून देणार? फोटो काढा. मग तोच फोटो मोबाईलवर काळा-पांढरा करून बघा. कुठे गडद, कुठे फिकं ते लगेच कळतं, आणि कापडं निवडतानाही हीच युक्ती चालते. रंग वेगळे असूनही फोटोत सगळं एकसारखं करडं दिसलं तर टॉप फिका पडणार. राखाडी आभाळ मोठं ठेवा. नवख्या हातानं होणारी चूक एकच असते : रिकामी जागा दिसली की तिथे एक चौकोन डकवायचा.

पण हे पुढच्या वर्षीचं. पावसाळ्यात गोधडी धुवायच्या फंदात पडू नका, मुंबईत ती चार दिवस वाळत नाही आणि पाचव्या दिवशी कुबट वास येतो. मे महिन्यात धुवा, दोन दोऱ्यांवर पसरून. ओली गोधडी एका दोरीला पेलत नाही.

उरलेल्या तीन टॉपपैकी कोपरे न जुळणारा तसाच दुसऱ्या क्विल्टसाठी ठेवा, धावदोऱ्याखाली ते अर्धं सूत कुणाला दिसत नाही. एखादा बघितला की अजूनही चिडचिड होत असेल तर तो निवांत उसवा किंवा कापून टाका. त्याला कात्री लावायला माझी पूर्ण परवानगी आहे.

शेवटची सूचना, आणि ही मी स्वतःच्या पैशानं शिकलेली. टाचायला सेफ्टी पिना वापरल्यात तर लावताना मोजा आणि काढताना मोजा. जुलैत माझ्या एका क्विल्टमध्ये दोन पिना राहून गेल्या. ऑगस्टमध्ये उघडली तेव्हा बरोबर पांढऱ्या भागात गंजाचे दोन तांबडे ठिपके. ते गेले नाहीत. आता त्यांच्यावर दोन छोटे पिवळे गोल शिवलेत, आणि बघणाऱ्या प्रत्येकीला तोच भाग आवडतो. तरीही तुम्ही मोजाच.